छळाचे तुकडे करून मोजमाप नको: कॅनडाच्या निर्वासित अपील विभागाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
निर्वासित अपील विभाग,
इमिग्रेशन ॲण्ड रेफ्युजी बोर्ड, कॅनडा

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी वकील नाही. आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलेली माणसे हातात निकालपत्र घेऊन येतात. त्यात काय लिहिले आहे ते त्यांना समजेल अशा भाषेत सांगायचे आणि अपिलाची नोटीस देण्याची १५ दिवसांची मुदत उलटण्याआधी त्यांना वकिलापर्यंत पोचवायचे, एवढेच माझे काम. त्यामुळे अर्जावर पहिला निर्णय देणाऱ्या खालच्या विभागाचे आणि तुमचे निकाल बरेच वाचावे लागतात. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण याच वाटेने जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ते वाचता यावे. त्याची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला स्वतंत्रपणे पाठवतो आहे.

माझी तक्रार एकच आहे. अर्जदाराला भोगावा लागलेला भेदभाव, त्याचा छळ झाला की नाही हा प्रश्न आणि त्याचा देश त्याला संरक्षण देतो का हा प्रश्न, या तिन्ही गोष्टी तुमच्यासमोर एकाच माणसाच्या एकाच आयुष्यातून येतात. निकालात मात्र त्या एकमेकींची ओळख नसल्यासारख्या वेगवेगळ्या परिच्छेदांत बसतात.

नेहमीच्या निकालाचा साचा आठवून पाहा. कोणा एकाचे प्रकरण सांगत नाही, अनेकांचे मिळून सांगतो. अर्जदार म्हणतो, माझ्या जमातीचा म्हणून मला कामावर घेतले नाही. निकाल म्हणतो, हा भेदभाव आहे, पण छळाच्या पातळीला पोचत नाही. मुलांना शाळेत वेगळे बसवले. भेदभाव, पण छळ नाही. घरमालकाने बाहेर काढले. तेच उत्तर. बाजारात दोनदा मारहाण झाली, पोलिसांनी तक्रार लिहून घेतली नाही. मारहाण गंभीर आहे, पण गुन्हेगार खासगी व्यक्ती आहेत, म्हणून ती संरक्षणाच्या सदराखाली पाहू. शेवटी एक वाक्य येते: ‘या सर्व घटनांचा एकत्रित विचार करूनही माझे मत बदलत नाही.’ एकत्रित विचार केला तो कसा, कोणत्या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवल्यावर काय दिसले, याबद्दल एक अक्षर नसते. पुढच्या पानावर संरक्षणाचा मुद्दा सुरू होतो. देशात भेदभावविरोधी कायदा आहे, लोकायुक्त आहे, पोलिसांचे प्रशिक्षण सुरू आहे, अर्जदार वरिष्ठांकडे गेला नाही. अपील फेटाळले.

याहून आखूड रस्ताही तुम्ही बऱ्याचदा घेता. ‘सरकारी संरक्षणाचा मुद्दा निर्णायक असल्यामुळे इतर मुद्द्यांचा विचार करण्याची गरज नाही.’ वेळ वाचतो हे मान्य. पण संरक्षण मिळेल की नाही, याचा सगळ्यात जवळचा पुरावा ज्या ‘इतर मुद्द्यां’मध्ये असतो, तेच तुम्ही बाजूला ठेवलेले असतात. शाळा, नगरपालिका, आरोग्य केंद्र आणि पोलीस चौकी या एकाच सरकारच्या शाखा आहेत. त्यांतल्या तीन शाखा एखाद्या कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या दारातून परत पाठवत असतील, तर चौथी शाखा त्याच कुटुंबाला आत घेईल हे गृहीत धरायला आधार कोणता?

भेदभावाला सरसकट छळ म्हणा, असा माझा आग्रह नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचा तो अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची १९७९ ची हस्तपुस्तिका तुमच्याकडे वारंवार दाखवली जाते. समाजासमाजात वागणुकीचे फरक असतातच आणि ज्याला कमी दर्जाची वागणूक मिळते तो प्रत्येक जण छळाचा बळी ठरत नाही, हे तीही सांगते. परिच्छेद ५४ चा एवढा भाग निकालांत हमखास उद्धृत होतो. त्याच परिच्छेदाचा उत्तरार्ध क्वचित दिसतो. भेदभावाचे परिणाम माणसाला जबर हानी करणारे असतील, म्हणजे पोट भरण्याचा, धर्म पाळण्याचा किंवा सर्वांना खुल्या असलेल्या शिक्षणाचा हक्क गंभीरपणे आक्रसत असेल, तर तो छळ ठरतो, असे त्यात आहे. आणि आधीचा परिच्छेद ५३ सांगतो की एकेकटी घटना छळ ठरत नसली, तरी देशातल्या असुरक्षित वातावरणासह सगळ्या घटना मिळून अर्जदाराच्या मनात रास्त भीती निर्माण करू शकतात. इथे ‘मिळून’ला महत्त्व आहे. आधी एकेक घटना बाद करत जायचे आणि शेवटी उरलेल्यांची बेरीज मांडायची, तर बेरजेला काही उरतच नाही.

पण हस्तपुस्तिका तुमच्यावर बंधनकारक नाही, कॅनडाचे सर्वोच्च न्यायालय आहे. म्हणून वॉर्डच्या खटल्याकडे येतो. ३० जून १९९३ चा हा निकाल तुमच्या जवळजवळ प्रत्येक संरक्षणविषयक निर्णयात असतो, पण माझ्या मते अर्धाच वाचला जातो. पॅट्रिक वॉर्ड हा उत्तर आयर्लंडमधल्या एका सशस्त्र गटाचा सदस्य. ओलिसांवर पहारा करायला ठेवला असताना, त्यांना मारले जाणार हे कळल्यावर त्याने त्यांना सोडून दिले. गटाने त्याचे हाल केले, मृत्युदंड सुनावला. तो पळाला. आयर्लंडच्या सरकारने त्याला छळले नव्हते, ते त्याला वाचवू शकत नव्हते. न्यायालयाने सांगितले की छळ करणारा सरकारच असला पाहिजे असे नाही आणि सरकारचा त्यात हात असलाच पाहिजे असेही नाही. वाचवण्याची असमर्थता पुरते.

याच निकालाने ते प्रसिद्ध गृहीतक दिले: प्रत्येक देश आपल्या नागरिकांचे रक्षण करण्यास समर्थ आहे असे धरून चालायचे आणि तसे नाही हे अर्जदाराने स्पष्ट व खात्रीशीर पुराव्याने दाखवायचे. ही बाजू तुम्ही रोज वापरता. पण मूलभूत मानवी हक्कांचे सातत्याने किंवा पद्धतशीरपणे झालेले असे उल्लंघन, ज्यातून राज्यसंस्थेच्या संरक्षणाचे अपयश दिसून येते, ही छळाची व्याख्याही न्यायालयाने तिथेच स्वीकारली. व्याख्येतच दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या आहेत. संरक्षणाचे अपयश हा छळ सिद्ध झाल्यावर विचारायचा नंतरचा प्रश्न नाही, छळ ओळखायचा तोच एक मार्ग आहे. मग निकालात या दोन गोष्टी दोन स्वतंत्र पायऱ्या कशा होतात आणि पहिलीवर जे बाद झाले ते दुसरीवर पुराव्यातून कसे गळते, हे मला अजून उमगलेले नाही.

हंगेरीतल्या रोमा या अल्पसंख्याक समाजातल्या लोकांची प्रकरणे तुमच्याकडे भरपूर आली, म्हणून तिथलेच एक गाव घेतो. ग्यंग्यशपाता. मार्च २०११ मध्ये अतिउजव्या संघटनांच्या गणवेशधारी टोळ्या या गावातल्या रोमा वस्तीतून कित्येक दिवस गस्त घालत होत्या. शिव्या, धमक्या, घरांसमोर जमाव. पोलीसही गावात होते. आता तुमच्या साच्यात हे घालून पाहा. घोषणा आणि धमक्या: भीतिदायक, पण शारीरिक इजा नाही, म्हणून छळ नाही. पोलीस हजर होते: म्हणजे संरक्षण होते. प्रकरण संपले. पण युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१६ मध्ये तिथल्याच एका रोमा स्त्रीच्या अर्जावर हंगेरीला दोषी धरले, कारण तिला दिलेल्या धमक्यांमागे वंशद्वेष होता का, याचा तपास यंत्रणेने नीट केलाच नव्हता. आणि याच गावातल्या शाळेत रोमा मुलांना वर्षानुवर्षे वेगळ्या वर्गांत बसवले जात होते. त्याबद्दल त्यांना रोख भरपाई द्यावी, हा आदेश हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कुरियाने, २०२० मध्ये कायम केला.

समजा, या गावची एक आई तुमच्यापुढे आली. शाळेची गोष्ट भेदभावाच्या परिच्छेदात जाईल. गस्तीची गोष्ट धमकीच्या. पोलिसांची संरक्षणाच्या. तिच्या आयुष्यात मात्र, मुलाला सकाळी वेगळ्या वर्गात पाठवणारे गाव आणि रात्री घरासमोरून हातात शस्त्र घेऊन जाणाऱ्या माणसाकडे काणाडोळा करणारे गाव एकच होते. मुलाला कमी लेखणाऱ्या सरकारी यंत्रणेने तिची फिर्याद तितकीच कमी लेखली, हा योगायोग नाही. पहिल्या गोष्टीचे वजन दुसरीशिवाय करताच येत नाही.

दुसरे गाव तातारसेंटग्यर्ग्य. फेब्रुवारी २००९ मध्ये तिथे एका रोमा कुटुंबाच्या घरावर रात्री पेटती बाटली टाकली गेली आणि जळत्या घरातून बाहेर पळणाऱ्या बापाला व लहान मुलाला गोळ्या घातल्या गेल्या. स्थानिक पोलिसांनी आधी तो अपघाती आगीचा प्रकार मानला. २००८ आणि २००९ या वर्षांत झालेल्या हल्ल्यांच्या या मालिकेत सहा जण मारले गेले. पुढे आरोपी सापडले, २०१३ मध्ये तिघांना जन्मठेप झाली. ही शिक्षा खरी आहे, महत्त्वाचीही आहे. पण तुमच्या निकालांत अशा शिक्षेचा उपयोग नेहमी एकाच बाजूने होतो: ‘गुन्हेगारांना शिक्षा झाली, म्हणजे यंत्रणा काम करते.’ शेजारच्या गावातले रोमा कुटुंब मात्र वेगळा प्रश्न विचारते. गोळ्यांच्या जखमा समोर असताना पहिल्या रात्री आलेल्या पोलिसाला काय दिसले? ज्याच्या दारात उद्या कोणी येणार आहे, त्याचे आयुष्य चार वर्षांनी लागणाऱ्या निकालावर अवलंबून नसते, त्या रात्रीच्या पोलिसावर असते.

(आणखी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. डिसेंबर २०१२ मध्ये तुमचा विभाग सुरू झाला, त्याच महिन्यात हंगेरी ‘नियुक्त देशां’च्या, म्हणजे कॅनडा सरकारने सुरक्षित मानलेल्या देशांच्या, यादीत गेला आणि तिथल्या अर्जदारांना तुमच्याकडे अपील करण्याचीच मनाई झाली. जुलै २०१५ मध्ये फेडरल कोर्टाने ती मनाई कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवली. २०१९ मध्ये यादी रिकामी केली गेली. ज्यांचे अर्ज त्या अडीच वर्षांत फेटाळले गेले त्यांना तुमचे दार कधी दिसलेच नाही. यात तुमचा दोष नाही, तो कायदा करणाऱ्यांचा होता.)

तुमच्यावर वरच्या न्यायालयांची बंधने आहेत, याची मला जाणीव आहे. कोणतेही सरकार प्रत्येक नागरिकाला प्रत्येक क्षणी वाचवू शकत नाही, हे फेडरल अपील न्यायालयाने १९९२ मध्ये व्हिलाफ्रांकाच्या प्रकरणात म्हटले. देशात लोकशाही जितकी मुरलेली, तितका अर्जदाराने मदतीचे मार्ग धुंडाळल्याचा पुरावा अधिक लागतो, हे १९९६ च्या कादेन्कोत आले. २००८ च्या फ्लोरेस कारियो प्रकरणात कसोटी पुरेशा संरक्षणाची ठरली, अचूक परिणामांची नाही. हे सगळे मान्य करूनही दोन गोष्टी मला खटकतात.

पहिली, ‘पुरेसे’ या कसोटीतून ‘प्रयत्न’ ही कसोटी केव्हा तयार झाली कोणास ठाऊक. सरकारने योजना जाहीर केली, आयोग नेमला, परिपत्रक काढले, की झाले पुरेसे. फेडरल कोर्टाच्या कितीतरी न्यायाधीशांनी हे थांबवा म्हणून लिहिले आहे: प्रत्यक्ष जमिनीवर, चौकीत, संरक्षण पुरेसे पोचते का ते पाहा, नुसत्या इराद्याला मोजू नका. तरी राष्ट्रीय दस्तऐवज संचातली, म्हणजे त्या त्या देशाच्या परिस्थितीबद्दल बोर्ड ठेवते त्या कागदपत्रांतली, परिपत्रकांची यादी निकालात उतरते आणि त्याच संचात दोन पानांनंतर असलेले ‘अंमलबजावणी विरळ’ हे वाक्य उतरत नाही. यात वाईट हेतू असेल असे मला वाटत नाही. कायद्याचे नाव आणि वर्ष उद्धृत करणे सोपे असते, चौकीतल्या अनास्थेला नाव-वर्ष नसते, एवढेच.

दुसरी गोष्ट लोकशाहीच्या मापाची. कादेन्कोचे माप देशभरच्या सरासरीवर लावले जाते. अर्जदार एका विशिष्ट वस्तीत, विशिष्ट आडनाव घेऊन राहतो. भारतातून येणारी अर्जदार कुटुंबे तुमच्यापुढे असतात तेव्हा हे फार जाणवते. भारतात निवडणुका होतात, न्यायालये आहेत, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९ चा कायदा आहे. हे सारे खरे आहे आणि तुमच्या निकालात ते येते. पण त्याच कायद्याचे कलम ४ वाचा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात सरकारी नोकराची कर्तव्ये मोजून लिहिली: फिर्याद नोंदवायची, ती फिर्यादीला वाचून दाखवायची, तिची प्रत द्यायची. जाणूनबुजून हे टाळले तर नोकराला कैद. संसदेला हे इतक्या बारकाईने का लिहावे लागले, याचा विचार करा. २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही असे कलम १८अ नव्याने घालावे लागले. कायदा आहे हा संरक्षणाचा पुरावा आहेच, आणि कायद्यात हे लिहावे लागले हा चौकीत काय होत होते त्याचाही पुरावा आहे. तुम्ही एकच कागद दोन्ही अंगांनी वाचा, एवढेच म्हणतो.

आता ‘वरिष्ठांकडे का गेला नाहीस’ या प्रश्नाबद्दल. वॉर्डच्या निकालातच याचे उत्तर आहे. संरक्षण कुचकामी आहे हे सिद्ध करण्यासाठीच अर्जदाराने जीव धोक्यात घालून ते मागायला जावे, अशी अपेक्षा केली तर आंतरराष्ट्रीय संरक्षणाचा हेतूच फसतो, असे न्यायालयाने म्हटले. त्याच्यासारख्याच परिस्थितीतल्या इतरांना काय अनुभव आला, हाही ग्राह्य पुरावा आहे, असेही म्हटले. भेदभावाचा इतिहास इथे थेट उपयोगाला येतो. ज्याला तक्रार लिहून न घेता परत पाठवले, ज्याच्या भावाला फिर्याद दिल्याबद्दलच कोठडीत बसवले, त्याने पुन्हा चौकीची पायरी का चढली नाही, हे समजायला त्याच्या आधीच्या सगळ्या परतपाठवण्या समोर असाव्या लागतात. तुम्ही त्या ‘भेदभाव, छळ नाही’ म्हणून आधीच्या पानावर सोडून आलेले असता.

हे विभाजन अर्जदाराला आणखी एका जागी नडते. कॅनडाच्या इमिग्रेशन व निर्वासित संरक्षण कायद्याच्या कलम ९६ खाली अर्जदाराला छळाची ‘वाजवी शक्यता’ दाखवायची असते. १९८९ च्या अद्जेई प्रकरणापासून हे पक्के आहे की ती पन्नास टक्क्यांहून अधिक असण्याची गरज नाही. कलम ९७ खाली मात्र धोका घडण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त असावी लागते. घटना ‘केवळ भेदभाव’ ठरल्या की माणूस ९६ मधून ९७ मध्ये ढकलला जातो. म्हणजे त्याच घटनांसाठी त्याला उंच कुंपण ओलांडावे लागते, आणि तेही यातना, जिवाला धोका किंवा क्रूर वागणूक एवढ्याच प्रकारांसाठी. एका विशेषणावर इतके अवलंबून असेल तर ते विशेषण लावण्याआधी सगळा पुरावा टेबलावर हवा.

तुम्ही खालच्या निकालाच्या चुका शोधण्यापुरते बांधलेले नाही. २०१६ च्या हुरुग्लिका निकालाने तुम्हाला सगळ्या नोंदीवर स्वतःचे मत बनवायला सांगितले आहे. तुम्ही खालचा निकाल रद्द करून स्वतः निर्वासिताचा दर्जा देऊ शकता. बहुतेक अपिले तुम्ही कागदांवर, अर्जदाराला न पाहता ठरवता, आणि नवा पुरावा कलम ११०(४) च्या अटींतच घेता, हेही खरे. पण मी म्हणतो त्यासाठी नवा पुरावा लागतच नाही. तोच जुना पुरावा वेगळ्या क्रमाने वाचावा लागतो.

म्हणून विनंती नेमकी करतो. बोर्डाच्या अध्यक्षांना तीन सदस्यांचे पीठ बसवण्याचा अधिकार आहे आणि कलम १७१ नुसार त्या पीठाचा निर्णय खालच्या विभागावर व एकसदस्यीय पीठांवर बंधनकारक असतो. एखादे योग्य अपील निवडा. ज्यात शाळा, घर, काम आणि पोलीस या सगळ्यांचा पुरावा आहे असे, मग ते हंगेरीचे असो, भारताचे असो की आणखी कुठले. त्या निर्णयात पीठाने तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. घटना एकेक करून बाद करण्याआधी त्यांचा एकत्रित परिणाम तपासावा लागतो का? सरकारी यंत्रणेने केलेला भेदभाव संरक्षणाच्या गृहीतकाला किती धक्का देतो? आणि ‘संरक्षण निर्णायक’ म्हणून बाकीचा पुरावा न तपासता सोडून देता येतो का, आणि येत असेल तर कोणत्या प्रकरणात? उत्तर माझ्या मनासारखे येईलच असे नाही. पण ते लिहिलेले असेल, तर ते चूक आहे असे वाटणारा वकील फेडरल कोर्टात जाऊन तसे म्हणू शकेल. आज ‘एकत्रित विचार केला’ या एका वाक्याशी भांडायचे कसे, हेच कळत नाही.

तो निर्णय प्रसिद्धही करावा. तुमचे सगळे निर्णय लोकांना वाचायला मिळत नाहीत, आणि ज्यांच्या हातात फक्त स्वतःचे निकालपत्र असते त्यांना आपल्यासारख्या इतरांचे काय झाले हे कळायला दुसरा मार्ग नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
निकालपत्रे वाचून दाखवणारा एक मराठी भाषिक